आयईपी ठेवायचा की ईएसए घ्यायचं?

अमेरिकेत टेक्सास राज्यात २०२६-२७ या शालेय वर्षापासून नव्या शिक्षण बचत खात्यात (एज्युकेशन सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे ईएसए; खासगी शाळा, ट्यूटर, थेरपी यांसाठी राज्य त्यात पैसे भरतं) खासगी शाळेत जाणाऱ्या, अपंगत्व असलेल्या मुलाला वर्षाला कमाल ३० हजार डॉलर मिळू शकतात. खासगी शाळेतल्या इतर मुलांना साधारण दहा-साडेदहा हजार. आकडा ऐकला की वाटतं, शाळा आहे तशी चालू राहील आणि वर थेरपीला हे पैसे येतील. तसं नाही. पब्लिक स्कूल, म्हणजे सरकारी शाळा, सोडली तरच हे पैसे मिळतात, आणि शाळेबरोबर आणखीही बरंच सुटतं.

काय सुटतं ते आधी पाहू. १९७५ पासूनच्या केंद्रीय कायद्यानुसार तुमच्या मुलाला साजेसं शिक्षण मोफत देणं डिस्ट्रिक्टला (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेला) बंधनकारक आहे. आयईपीत, म्हणजे मुलाला कोणत्या सेवा मिळतील ते ठरवणाऱ्या त्याच्या लेखी शैक्षणिक आराखड्यात, लिहिलेली स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), मदतनीस, बस यांचं बिल तुमच्याकडे येत नाही. डिस्ट्रिक्टने हात आखडता घेतला तर राज्याकडे तक्रार करता येते, सुनावणी मागता येते, आणि वाद मिटेपर्यंत मुलाच्या आहे त्या सोयी काढून घेता येत नाहीत. जेमतेम प्रगती पुरेशी नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये एका ऑटिस्टिक मुलाच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

ईएसए घेतलं की यातलं बहुतेक सगळं थांबतं. ही योजना २०११ मध्ये सर्वांत आधी ॲरिझोनात आली. तिथे पालक जो करार करतात, त्यातच डिस्ट्रिक्टला शिक्षणाच्या जबाबदारीतून मोकळं करतात. खासगी शाळेवर आयईपी पाळण्याचं बंधन नाही. ती प्रवेश नाकारू शकते, किंवा अर्ध्या वर्षात ‘आम्हाला जमणार नाही’ म्हणू शकते. धार्मिक संस्था चालवतात त्या शाळांना तर अपंगांसाठीच्या नागरी हक्क कायद्यातूनही सूट आहे.

म्हणून पब्लिक स्कूल म्हणजे सुखाचा मामला, असं अजिबात नाही. याच टेक्सासने २००४ पासून स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलांचं प्रमाण साडेआठ टक्क्यांवर ठेवण्याचा अंकुश डिस्ट्रिक्टांवर लावला होता. २०१६ मध्ये वृत्तपत्राने ते उघड केलं, पुढच्या वर्षी मर्यादा हटली. हक्क कागदावर असतो; तो वसूल करायला मीटिंगांना जावं लागतं, ईमेल जपून ठेवावे लागतात, कधी वकीलही लागतो. ज्यांची ही लढाई लढून दमछाक झाली आहे, त्यांना खात्याचा मोह का होतो हे समजण्यासारखं आहे.

राज्याराज्यांत फरक मोठा आहे. ॲरिझोनात २०२२ पासून खातं सगळ्याच मुलांना खुलं आहे. रक्कम अपंगत्वाच्या प्रकारानुसार प्रचंड बदलते, पैसे तिमाहीने येतात आणि खर्चाचा हिशेब पालकांनी द्यायचा असतो. फ्लोरिडात वयाच्या तिसऱ्या वर्षापासून अर्ज करता येतो आणि आयईपी नसला तरी डॉक्टरांचं निदान चालतं. रक्कम मात्र इयत्ता, काउंटी आणि गरजेची पातळी यांवर ठरते. नॉर्थ कॅरोलिनात सर्वसाधारणपणे ९ हजार, ऑटिझमसारख्या ठरावीक निदानांना १७ हजार डॉलर. प्रतीक्षायादीची तयारी ठेवावी. टेक्सासमध्ये वाढीव रक्कम हवी तर पब्लिक डिस्ट्रिक्टने केलेला आयईपीच लागतो. म्हणजे बाहेर पडायचं ठरवलं असलं तरी आधी त्याच दारातून जायचं आहे.

माझ्या मते आधी आयईपी करून घेणं हे सगळ्याच राज्यांत करावं. डिस्ट्रिक्टकडून होणारी तपासणी मोफत असते, ती लेखी मागावी. मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हावी अशी कायद्यात तरतूद आहे, आणि ही गोष्ट मराठी घरांत फार कमी जण मागतात. ‘दोन भाषांमुळे बोलणं लांबलंय’ असं शाळा म्हणते, ‘याचा बाबाही उशिराच बोलला होता’ असं पुण्याहून आजी सांगते, आणि वर्ष निघून जातं. आयईपीच्या मीटिंगला आजी-आजोबा येणार असतील तर त्यांना न्यायला हरकत नाही. पालकांना दुभाषाही मागता येतो.

एच-१बी व्हिसावरच्या घरांनी आणखी एक हिशेब करावा. नोकरी बदलली, राज्य बदललं, तर आयईपी सोबत येतो. नव्या डिस्ट्रिक्टला स्वतःचा आयईपी ठरवेपर्यंत तत्सम सेवा द्याव्या लागतात. ईएसए राज्याच्या हद्दीत संपतं. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून न्यू जर्सीला गेलात तर खातं तिथेच राहतं. टेक्सासच्या कायद्यात मूल नागरिक किंवा कायदेशीर प्रवेश मिळालेलं असावं अशी अटही आहे. अर्जाआधी कागदपत्रं तपासून घ्या.

मग ईएसए कुणाला? डिस्लेक्सिया असलेलं, रोज तासभर चांगल्या ट्यूटरकडे शिकून फरक पडेल असं मूल. घरी शिकवायला एक पालक मोकळा असलेलं कुटुंब. किंवा ज्यांच्याकडे ओळखीच्या, चांगल्या शाळेत मिळालेली जागा हातात आहे ते. अशांना मी बिनदिक्कत घ्या म्हणेन. मात्र मुलाला दिवसभर एक माणूस सोबत लागत असेल, फिट्स येत असतील, किंवा वागणुकीमुळे एकदा शाळेतून काढलं गेलं असेल, तर ३० हजारही पुरत नाहीत. ऑटिझमच्या विशेष शाळांची फी अनेक ठिकाणी त्याहून जास्त असते, आणि वरची रक्कम तुमच्या खिशातून जाते. एबीएसाठी (ऑटिझममधली वर्तन थेरपी) तर खात्याचे पैसे मोडूच नका, आधी आरोग्य विम्याला विचारा. ऑटिझमचे उपचार विम्यात धरण्याचे कायदे सगळ्या राज्यांत आहेत, फक्त काही कंपन्यांच्या स्वतःच्या योजना त्यातून सुटतात.

खासगी शाळेत गेलात तर स्पीच थेरपी कोण देणार, त्याचं लायसन्स आहे का, मुलाला आवरता आलं नाही तर काय करणार, हे तोंडी नको, लेखी घ्या. मार्चमध्ये मूल परत पब्लिक स्कूलला आणावं लागलं तर डिस्ट्रिक्ट घेईल, पण आयईपी पुन्हा ठरेल आणि जुनी पातळी मिळेलच असं नाही. भरलेली फी परत मिळते का, आणि मिळाली तर ती तुमच्या हातात येते की राज्याच्या खात्यात जमा होते, हेही सही करण्याआधी विचारून ठेवा.