एकाच वेळी दोन गांधार : 'फ्रात्रेस'ची तबकडी

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे नादात झणकार यावा म्हणून त्याची घोडी घासताना, खर्जाच्या (सर्वांत खालच्या) तारेतून गांधार आपसूक उमटतो की नाही, याकडे कान लावून बसलेले कारागीर मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामुळे एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्त (जन्म १९३५) यांची 'फ्रात्रेस' ही रचना ऐकताना माझे लक्ष सर्वांत आधी तिच्या आधारस्वराकडे गेले. रुडॉल्फ व्हेर्टेन यांच्या संचालनाखाली 'ई फियामिंगी' या बेल्जियमच्या चेंबर ऑर्केस्ट्राने (लहान वाद्यवृंदाने) वाजवलेली ही तबकडी टेलार्क या ध्वनिमुद्रण कंपनीने १९९५ मध्ये काढली असून, तिच्यात या एकाच रचनेची निरनिराळ्या वाद्यमेळांसाठी केलेली रूपे आहेत. मूळ रचना १९७७ ची; तंतुवाद्ये आणि तालवाद्यांसाठीचे रूप १९९१ चे. मी मुख्यतः या शेवटच्या रूपाबद्दल लिहीत आहे.

रचनेचा घाट आपल्याकडच्या श्रोत्याला परका वाटू नये असा आहे. ए आणि ई हे पाश्चात्त्य स्वर, म्हणजे आपल्या भाषेत षड्ज आणि पंचम, आरंभापासून शेवटपर्यंत धरून ठेवलेले आहेत आणि त्यावर एकच स्वरवाक्य नऊ वेळा येते. वाक्याच्या ओळी सात, नऊ आणि अकरा मात्रांच्या. ओळ वाढते तशी तिच्यात दोन स्वरांची भर पडते, आणि उत्तरार्धात तीच चाल उलट्या दिशेने जाते. दर नव्या फेरीला वाक्य आधीपेक्षा तिसऱ्या स्वरावर खाली उतरते, मधल्या फेऱ्यांत आवाज भरतो आणि पुढे पुन्हा विरत जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये मोठा ढोल आणि टिपऱ्यांसारख्या लाकडी दांड्यांचे मोजके ठोके येतात. त्यांना समेची जागा म्हणण्याचा मोह होतो, पण तेथे काही सुटत नाही, फक्त श्वास घेतला जातो.

खरी गंमत स्वरसंवादात आहे. स्वरवाक्य तीन आवाजांत चालते. त्यांपैकी वरचा आणि खालचा आवाज समांतर चालतात आणि त्यांचे स्वर ए हा षड्ज मानून मोजले, तर कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत आणि कोमल निषाद, म्हणजे सरळ वसंतमुखारी रागाचे सप्तक हाती लागते. (पेर्त यांच्या मनात राग होता असे मुळीच नाही, त्यांच्या दृष्टीने ती डी मायनर या पाश्चात्त्य स्वरमालेची एक स्वरपंक्ती आहे.) मधल्या आवाजाला मात्र षड्ज, कोमल गांधार आणि पंचम एवढ्याच तीन स्वरांची मुभा आहे. परिणामी वरच्या किंवा खालच्या आवाजात शुद्ध गांधार वाजत असताना मध्ये कोमल गांधार उभा राहू शकतो. आपल्या जोग रागातही दोन्ही गांधार येतात, परंतु एकामागून एक. येथे ते एकाच क्षणी एकमेकांना घासतात, आणि आधारस्वरात कोणताच गांधार नसल्यामुळे या वादात निवाडा करणारे कोणी उरत नाही. मधल्या आवाजाला तीनच स्वर देण्याचा हा नियम पेर्त यांनी १९७६ पासून वापरलेल्या 'टिंटिनाबुली' पद्धतीचा आहे. नियम इतका कडक असूनही घर्षण कोठे होईल याचा अंदाज ऐकताना बांधता येत नाही, हे मला या रचनेचे सर्वांत मोठे यश वाटते.

आठ चेलोंचे (व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या, खालच्या स्वराच्या वाद्यांचे) रूप तितकेच गंभीर आहे, मात्र सगळी वाद्ये एकाच जातीची असल्याने गांधारांची धार थोडी बोथट होते. सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांचे रूप मला पटले नाही. तेथे आधारस्वर श्वासावर तोलला आहे असे सतत जाणवत राहते. सगळी रूपे एका बैठकीत ऐकू नयेत, कंटाळा येतो.

सांगली-मिरज रस्त्यावर मोबाइलच्या स्पीकरवर ही रचना ऐकण्याचा माझा प्रयत्न पूर्ण फसला, कारण ढोल आणि मंद्रातला आधारस्वर दोन्ही गायब झाले आणि उरलेले सूर निराधार वाटू लागले. रात्री घरी, चांगल्या हेडफोनवर, तंतुवाद्यांचे रूप आधी लावावे आणि पहिल्या दोन फेऱ्या फक्त षड्ज-पंचमाकडे लक्ष ठेवून ऐकाव्यात. मधला आवाज तिसऱ्या फेरीपासून आपोआप वेगळा ऐकू येऊ लागतो.