आठ महिने तेलुगू शिकायचं ॲप वापरलं: 'आम्ही' आणि 'आपण' एकच कसं?

काल माझी चौथी तक्रार 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद केली. निराकरण काही झालेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. ॲपचं नाव लिहीत नाही, तेलुगूसाठी शोधलं की पहिल्या दोन-तीनात येतं तेच. धडे, रोजची साखळी, चुकलं की एक जीव कमी, हे सगळं तुम्हाला माहीतच असेल, त्यात वेळ घालवत नाही.

मी सोलापुरात टॉवेलच्या एका युनिटमध्ये हिशेब बघते. आमच्याकडे शिलाई, घडी आणि पॅकिंगला असलेल्या बहुतेक बायका पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. दहा वर्षं त्यांच्यात बसून माझं तेलुगू 'रा', 'पो' आणि 'एंत', म्हणजे ये, जा आणि किती, यापुढे गेलं नव्हतं. त्या माझ्याशी मराठीत बोलतात आणि आपसात बोलायला लागल्या की मी भिंतीसारखी बसून राहते, याची मला लाज वाटायची. जूनमध्ये सहा महिन्यांचे 1,199 रुपये भरले. दिवसाला साधारण साडेसहा रुपये पडतात. एक वेळचा चहा सोडला, असा हिशेब मनाशी केला आणि घेतलं.

आता मुद्द्याचं. धडा 14, सर्वनामं. ॲप इंग्रजीतून शिकवतं, मराठीचा पर्याय नाही. तिथे 'वी' या इंग्रजी शब्दाखाली दोन तेलुगू शब्द दिलेत: 'मेमु' आणि 'मनम'. फरक काय, एक अक्षर नाही. सरावात वाक्य येतं, इंग्रजीत, 'आम्ही/आपण बाजाराला जातो' अशा अर्थाचं. 'मनम' लिहिलं तर चूक, जीव गेला. पुढच्या वाक्यात 'मेमु' लिहिलं तर तेही चूक. वहीत खुणा करून ठेवल्यात, या एका गोष्टीपायी माझे तेवीस जीव गेले. जीव संपले की चार तास थांबा नाहीतर जाहिरात बघा. पैसे भरून जाहिरात!

एक महिना मला वाटत होतं, माझंच डोकं चालत नाही. मग एका दुपारी डबा खाताना शिलाईच्या अक्कांना विचारलं, "अक्का, मेमु आणि मनममध्ये फरक काय?" त्यांनी घास तोंडात असतानाच हात फिरवून दाखवला. पहिल्यांदा स्वतःच्या छातीवरून पलीकडच्या बायकांकडे, मला सोडून: "मेमु." मग तोच हात मला धरून गोल फिरवला: "मनम." झालं. आम्ही आणि आपण! जे मला जन्मापासून येतंय, ते ॲपने महिनाभर माझ्यापासून लपवून ठेवलं. 'मेमु'त समोरचा नाही, 'मनम'मध्ये आहे. मराठी माणसाला हे शिकवायला पाच सेकंदं लागतात. इंग्रजीत हा भेदच नाही, त्यामुळे इंग्रजी वाक्यावरून उत्तर ठरवताच येत नाही आणि तपासणाऱ्याने एक काहीतरी ठोकून दिलंय. हिंदीच्या 'हम'मध्येही हा भेद नाही, म्हणून हिंदीतून शिकणाऱ्यालाही तोच घोळ होणार. गुजरातीत आहे, तमिळमध्ये आहे.

आमच्या युनिटमध्ये अक्कलकोटचे एक कन्नड बोलणारे अण्णा आहेत, तेही हेच ॲप वापरतात. त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही, कारण आजच्या कन्नडमध्ये दोन्हींना 'नावु' हा एकच शब्द आहे. लिपी मात्र त्यांना माझ्यापेक्षा लवकर आली, कन्नड आणि तेलुगू अक्षरं बहिणी-बहिणी दिसतात. मला तीन आठवडे लागले, त्यांना चार दिवस.

कोणी म्हणेल, एका शब्दापायी एवढं काय. तर सांगते. अक्कांना मी सांगून ठेवलं होतं, शनिवारी माझ्याशी फक्त तेलुगूतच बोलायचं. सप्टेंबर-ऑक्टोबर बरं चाललं. नोव्हेंबरात त्यांच्या भाचीचं लग्न होतं, हैदराबाद रोडला. शनिवारी घाईत, मशीन चालू असताना त्या म्हणाल्या, "रेपु मनम पेळ्ळिकि पोताम, ऐदु गंटलकु." रेपु म्हणजे उद्या, पेळ्ळि म्हणजे लग्न, ऐदु गंटलकु म्हणजे पाच वाजता. सगळे शब्द कळले म्हणून मला केवढा आनंद झाला! फरक मला डबा खाताना समजला होता खरा, पण सरावात ॲपने 'वी, वी, वी' एवढं डोक्यात भरलं होतं की कानाने 'मनम' ऐकलं आणि डोक्याने 'ते लोक' धरलं. उद्या हे लग्नाला जाणार. मी म्हणाले, "सरे अक्का." आणि रविवारी फोन सायलेंटला टाकून दुपारची झोपले.

साखरपेठेत त्यांच्या दारात क्रूझर उभी, आत बायका-पोरं बसलेली, आणि माझ्यासाठी चाळीस मिनिटं गाडी थांबवली. नवरीकडची माणसं, मुहूर्ताची वेळ. सोमवारी त्या रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. मराठीत एवढंच म्हणाल्या, "मी आपण म्हणलो की मॅडम, आम्ही नाही म्हणलो."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. त्यात 'आपण' आणि 'आम्ही'चा धडा आहेच, पण 'म्हणलो'ही आहे. बाई असून 'म्हणलो'. या बायका मराठी बोलताना 'मी भाकरी खाल्लो', 'मी आलो' म्हणतात, आणि इतकी वर्षं मी त्यांना 'खाल्ली म्हणा, आले म्हणा' असं सुधारत आले. वाटायचं, लक्ष देत नाहीत. ॲपमधला भूतकाळाचा धडा झाला तेव्हा कळलं. तेलुगूत 'नेनु तिन्नानु' म्हणजे 'मी खाल्लं', आणि ते बाप्याने म्हटलं काय, बाईने म्हटलं काय, 'तिन्नानु'च. भाकरी खा, आंबा खा, केळं खा, शेवटचा 'नु' म्हणजे 'मी'. क्रियापद करणाऱ्याकडे बघतं. आणि आपल्याकडे? मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळं खाल्लं, मी पोळ्या खाल्ल्या. खाणारी मी आणि क्रियापद बदलतंय आंब्याकडे बघून! 'मी आले' म्हणताना मात्र ते परत माझ्याकडे बघतं. दुसऱ्या भाषेतून येणाऱ्या माणसाने हे कसं धरायचं? अक्का 'खाल्लो' म्हणतात तेव्हा त्या आपल्या भाषेचा नियम नीट पाळत असतात. त्या दिवसापासून मी सुधारणं सोडलं. विचारलं तर सांगते.

उलट बाजूने मीही अडखळले. तेलुगूत एकवचनात बाप्याचं वेगळं आणि बाई व वस्तू दोघांचं मिळून एक: 'अतनु वच्चाडु' म्हणजे तो आला, पण 'आमे वच्चिंदि' आणि 'बस वच्चिंदि' सारखंच. मानाने बोलायचं तर 'वच्चारु', जसं आपण सासूबाई 'आल्या' म्हणतो. एकदा मी मालकांच्या आईंना 'वच्चिंदि' लावलं, तेव्हा पॅकिंगच्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. याबद्दलही ॲप काही बोलत नाही. पण ती चूक मी ॲपवर घालत नाही, मानाचं बोलणं मला कळायला हवं होतं.

इथपर्यंतच्या गोष्टी मी डिसेंबरातच वहीत टिपून ठेवल्या होत्या आणि दोन स्टार द्यायचं ठरवलं होतं. मत थोडं बदललंय.

झालं असं, की लग्नाच्या प्रसंगानंतर मी इंग्रजी सोडून दिलं. ॲपवर तेलुगू वाक्य आलं की इंग्रजी न वाचता वहीत सरळ मराठी लिहायचं, शब्दाखाली शब्द. आणि मग जे दिसलं ते बघून रात्री साडेअकरापर्यंत बसले. 'वर्षं वस्तुंदनि गोडुगु तेच्चानु.' वर्षं, पाऊस. वस्तुंदि, येईल. अनि, म्हणून. गोडुगु, छत्री. तेच्चानु, आणली. पाऊस येईल म्हणून छत्री आणली. एक शब्द इकडचा तिकडे करावा लागत नाही. आणि तो 'अनि' बघा: 'अनु' म्हणजे म्हणणे, 'अनि' म्हणजे म्हणून. आपलंही 'म्हणून' हे 'म्हणणे'वरूनच आलेलं. पावसाचा आणि म्हणण्याचा काय संबंध, पण दोन्ही भाषांनी कारण सांगायला तोच शब्द घेतला. इंग्रजीतून हेच वाक्य करायला मला रोज शब्दांचे सगळे ठोकळे उलटे लावावे लागत होते.

तसंच 'नाकु तेलुगु वच्चु'. इंग्रजीत ॲप सांगतं, 'मी तेलुगू जाणतो'. वहीत काय आलं? नाकु, मला. वच्चु, येतं. मला तेलुगू येतं! भाषा 'येते' ही कल्पनाच आपली दोघांची एक. चहा नको असेल तर 'नाकु चाय वद्दु', मला चहा नको. 'वद्दु' आणि 'नको', एका शब्दात काम. 'लेदु' म्हणजे नाही, 'कादु' म्हणजे नव्हे; माझ्याकडे नाही ते 'लेदु', हे माझं नव्हे ते 'कादु'. ॲपने दोन्हींना इंग्रजी 'नो' चिकटवलंय. आपण बोलण्यात 'नव्हे' हल्ली कमी वापरतो, पण भेद आपल्याला कळतो, त्यामुळे मला एकदाच सांगून पुरलं. आणि निघताना 'पोतानु', म्हणजे 'जाते', म्हणायचं नाही, 'वेळ्ळोस्तानु' म्हणायचं: जाऊन येते. आपण 'येते हं' म्हणतो तसंच.

तेलुगू द्राविडी, मराठी संस्कृताच्या घरातली, कुळं वेगळी, हे शाळेत शिकलो. पण शेजार हजार-दीड हजार वर्षांचा. सांगलीजवळच्या कुपवाडवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी 1971 साली लिहिलं होतं. तिथे तेव्हा कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू बोलत. शब्द ज्याचे त्याचे वेगळे राहिले, पण वाक्याची बांधणी इतकी जवळ आली की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की भाषांतर होतं. सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर बसणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. मला वाटलं, कारण मी दहा वर्षं कान बंद ठेवून बसले होते.

तर वही-मराठीची ही पद्धत धरल्यावर ॲप एकदम कामाचं झालं. त्यांचे आवाज खरंच चांगले आहेत, बाईचा आणि बाप्याचा वेगळा, आणि हळू ऐकायचं बटण तर सोन्यासारखं. 'ळ'चा उच्चार स्पष्ट. ऑफलाइन धडे चालतात, युनिटमध्ये नेट नसताना मी तेच ऐकते. एक लक्षात ठेवा: यात किनारी आंध्रकडची, पुस्तकी तेलुगू आहे. ॲप 'एला उन्नारु' शिकवतं, आमच्या बायका 'एट्लुन्नरु' म्हणतात, कारण यांची घरं तेलंगणातून आलेली. तेवढं कानाने जुळवून घ्यावं लागतं.

पैशाचं. डिसेंबरात सहा महिने संपले आणि ऑटोपेने आणखी 1,199 गेले. चोवीस तास आधी सूचनेचा मेसेज आला होता, हे मी मान्य करते, वर्षअखेरच्या कामात वाचला नाही. पण घेताना 'आपोआप नूतनीकरण' ही ओळ सगळ्यात खाली, बारीक अक्षरात होती. तुम्ही घेणार असाल तर पैसे भरले त्याच दिवशी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेचं मॅन्डेट रद्द करा, भरलेली मुदत पूर्ण मिळते. परत मागितले तर 'वापर सुरू झाल्यावर परतावा नाही'. ठीक आहे, तो नियम. माझा राग पैशाचा कमी आणि धडा 14 चा जास्त आहे.

चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा उत्तर आलं, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे. दुसऱ्यांदा मी अक्कांच्या हाताची खूण शब्दांत लिहून पाठवली. तिसऱ्यांदा मराठी आणि गुजराती उदाहरणं दिली. चौथ्यांदा फक्त एवढं मागितलं की इंग्रजी वाक्यापुढे 'ऐकणारा धरून' किंवा 'ऐकणारा सोडून' एवढं लिहा आणि तोवर दोन्ही उत्तरं बरोबर धरा. एका दिवसाचं काम आहे. काल बंद केली.

पाचपैकी तीन. आवाजांचे आणि हळू बटणाचे तीन, धडा 14 चे दोन कापले. मॅन्डेट रद्द केलंय, जूनपर्यंत मुदत आहे. तोवर 'मेमु-मनम' दुरुस्त झालं तर इथे येऊन स्टार वाढवीन. शनिवारचं तेलुगू चालू आहे; गड्ड्याच्या जत्रेला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, अक्का परत 'मनम पोताम' म्हणाल्या, आणि या वेळी साखरपेठेत त्यांच्या दारात मी दहा मिनिटं आधी जाऊन उभी होते.