सॅम्पल एक, माल दुसराच : क्रीमचा ब्रँड काढताना माझी झालेली फसवणूक

नागपुरात सध्या पार्लर चालवणाऱ्या कितीतरी जणी स्वतःच्या नावाचं क्रीम, फेसवॉश, सीरम काढायच्या तयारीत आहेत. माल कारखान्यात बनतो, नाव आपलं लागतं, याला प्रायव्हेट लेबल म्हणतात. पद्धत कायदेशीर आहे आणि अनेक चांगले ब्रँड असेच चालतात. पण या धंद्यात असे लोक शिरले आहेत की जे कारखानदार नसून कारखानदार म्हणून समोर बसतात. एक माल दाखवतात, दुसराच गळ्यात मारतात. त्यांच्यापासून कोणीतरी वाचावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नागपूरच्या महाल भागात माझं पार्लर आहे. संत्र्याच्या सालीचा लेप मी फेशियलला वापरायची, आणि गिऱ्हाइकं तो घरी न्यायला मागायची. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर परवाना लागतो, घरच्या मिक्सरवर करून विकता येत नाही. म्हणून रीतसर कारखान्यातून क्रीम करून घ्यायचं ठरवलं. एका ओळखीतून वर्धा रोडवरच्या एका ऑफिसचा पत्ता मिळाला. काचेच्या कपाटात ओळीने ट्यूब आणि बाटल्या, भिंतीवर सर्टिफिकेटं. "आमचा स्वतःचा प्लांट बद्दीला आहे," असं तिथल्या माणसाने सांगितलं. हिमाचलमधलं बद्दी औषधं आणि कॉस्मेटिक्सच्या कारखान्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. व्हिडिओ कॉलवर पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं आणि मोठ्या स्टीलच्या टाक्या दाखवल्या. कागदपत्रांचं विचारलं की एकच उत्तर : "ताई, तुम्ही कायले टेन्शन घेता? कागदाचं सगळं आमच्याकडं. तुम्ही फक्त नाव सांगा आन् विका."

सॅम्पल खरोखर उत्तम होतं. हलकं, चिकट नाही, पटकन जिरणारं, संत्र्याचा वास हवा तेवढाच. ५ टक्के नायसिनामाइड (त्वचेसाठी वापरतात तो व्हिटॅमिन बी३ चा प्रकार) आणि सालीचा अर्क असं लेखी दिलं होतं. त्या सॅम्पलवर क्रीमची, सोबत एका फेसवॉशची ऑर्डर ठरली आणि निम्मी रक्कम आगाऊ गेली. पॅकिंग, लेबल डिझाइन आणि ट्रेडमार्क धरून एकूण हिशोब सव्वाचार लाखांच्या आसपास झाला.

या धंद्यातली मुख्य लबाडी इथेच असते. पावशेर सॅम्पल करायला महागडा इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र बांधणारा घटक), चांगला अर्क, ब्रँडेड सुगंध वापरला तरी खर्च किरकोळ असतो. ऑर्डरचा माल मात्र तयार बेसवर उरकला जातो. ड्रममध्ये आणलेलं स्वस्त पांढरं क्रीम, त्यात रंग आणि वास, झालं तुमचं क्रीम. तोच बेस वासाचा फरक करून दहा ब्रँडना जातो. माल हाती आल्यावर सॅम्पलशी ताडून बघायला सॅम्पलच उरलेलं नसतं, कारण ते हातावर लावून संपलेलं असतं. आता मी ओळखीच्या प्रत्येकीला सांगते, पसंत पडलेल्या सॅम्पलच्या दोन सीलबंद डब्या करून घ्या, दोघांच्या सह्या आणि तारीख त्यावर घाला, एक तुमच्याकडे ठेवा. आणि करारात लिहून घ्या की माल या डबीशी जुळला नाही तर उरलेले पैसे मिळणार नाहीत. खरा कारखानदार याला हरकत घेत नाही.

माल हिवाळ्याच्या शेवटी आला. दिसायला ठीक होता, वास थोडा उग्र वाटला. त्यावर "फ्रेश बॅच आहे, सेट होईल" असं उत्तर आलं. उन्हाळा लागला आणि तक्रारी सुरू झाल्या. सक्करदऱ्याहून येणारी एक जुनी गिऱ्हाईक ट्यूब घेऊन आली. "ताई, हे काय होऊन राहिलं, पाहा." टोपण उघडून दाबलं तर आधी पिवळसर पाणी, मग तेलाचा थेंब, मग दाणेदार गोळा. माझ्याकडची एक ट्यूब कात्रीने उभी कापली. आत तोच प्रकार, वर तेलाचा थर, खाली पाणचट पांढरं. त्या क्रीमला खोबरेल खवट झाल्यावर येतो तसा वास होता.

क्रीम म्हणजे तेल आणि पाण्याचं बांधून ठेवलेलं मिश्रण. बांधणी कच्ची असेल तर उष्णतेत ती सुटते. म्हणूनच बाजारात जाण्यापूर्वी ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत काही महिने ठेवून क्रीम तपासायची पद्धत आहे. याला स्टॅबिलिटी टेस्ट म्हणतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गोडाऊनवर टिनाचं छप्पर आणि कुरिअरची बंद गाडी असली तर आतलं तापमान बाहेरच्याहून जास्त. विदर्भात विकायचं क्रीम ४५ अंशावरही तपासलेलं हवं, हे कारखानदाराला स्वतःहून सांगा आणि त्याचा अहवाल मागा.

मी अहवाल मागितला तेव्हा 'सर्टिफिकेट ऑफ अॅनालिसिस' पाठवलं. ही स्टॅबिलिटी टेस्ट नव्हे. त्या बॅचची त्या दिवशीची तपासणी एवढंच त्यात असतं. तेही माझ्या दोन उत्पादनांसाठी दोन वेगळे कागद आले आणि दोन्हींवर पीएच ५.६२, चिकटपणाचा आकडा तोच, तारीखही तीच. एक क्रीम, एक फेसवॉश. दोन्हींचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे येणं शक्यच नाही. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत मी स्वतः क्रीमचा नमुना दिला तेव्हा नायसिनामाइड एक टक्क्याहूनही कमी निघालं.

लेबल वाचायची एक युक्ती मला नंतर एका फॉर्म्युलेशन करणाऱ्या ताईंनी दाखवली. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, असा नियम आहे. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे माल खराब होऊ न देणारं रसायन, एक टक्क्याच्या वर वापरायला परवानगी नाही. म्हणजे ज्या घटकाचं नाव त्याच्या नंतर येतं, तो एक टक्का किंवा त्याहून कमी. माझ्या ट्यूबवर 'संत्रा अर्क' ठळक अक्षरात समोर होता आणि मागच्या यादीत फिनॉक्सीइथेनॉलच्याही खाली, सुगंधाच्या शेजारी.

ट्यूब न्याहाळताना नखाला लेबलची कड लागली. स्टिकर सोलला तर खाली दुसऱ्याच ब्रँडचं छापील नाव. कोणाची तरी परत आलेली ऑर्डर माझ्या नावाने भरली होती की जुन्या रिकाम्या ट्यूब वापरल्या होत्या, हे मला आजही कळलेलं नाही.

यानंतर परवान्याचा प्रश्न आला, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर भाग हाच आहे. सौंदर्यप्रसाधनं औषधं व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० खाली येतात. कारखान्याला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून फॉर्म सीओएस-८ मध्ये परवाना मिळतो. दुसऱ्याच्या कारखान्यात स्वतःच्या परवान्यावर माल बनवणाऱ्याला सीओएस-९, म्हणजे लोन लायसन्स. ट्यूबवर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, बॅच नंबर आणि परवाना क्रमांक असलाच पाहिजे. माझ्या ट्यूबवर तो होता. त्या नावाच्या कारखान्याचा फोन शोधून मी थेट मालकाशी बोलले. त्यांनी त्यांच्या नोंदी बघून सांगितलं की हे उत्पादन आमच्याकडे झालेलंच नाही, त्या माणसाला आम्ही ओळखतही नाही. त्यांचा परवाना क्रमांक कुठल्या तरी जुन्या डबीवरून उचलला होता.

ज्या उत्पादकाचं नाव लेबलवर आहे त्याने तो माल बनवलाच नसेल, तर कायद्याच्या भाषेत ते नकली सौंदर्यप्रसाधन ठरतं. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि असा माल विकणारीही कायद्याच्या कक्षेत येते. तपासणीसाला माल कोणाकडून घेतला हे सांगणं आपल्यावर बंधनकारक असतं, म्हणून बिलं जपणं हीच आपली ढाल. पैसे देण्यापूर्वी परवान्याची प्रत मागा, त्यावरचा पत्ता आणि त्यात कोणत्या प्रकारच्या उत्पादनांना मंजुरी आहे ते वाचा, कारण पावडरच्या परवान्यावर क्रीम बनवता येत नाही. मग ती प्रत घेऊन त्या राज्याच्या औषध प्रशासनाकडे खात्री करा. लेबलवर 'आयुर्वेदिक' लिहायचं असेल तर आयुषचा वेगळा परवाना लागतो. "लिहा नं ताई, कोण पाहते?" असं म्हणणाऱ्यापासून लांबच राहा.

माझ्या कागदांमध्ये आणखी एक गोष्ट होती, ती प्रत्येकीने तपासावी. कोटेशन एका फर्मचं, जीएसटीचं बिल दुसऱ्या फर्मचं, आणि ट्यूबवर तिसऱ्याच कंपनीचं नाव. "सिस्टर कन्सर्न आहे", म्हणजे आमचीच दुसरी फर्म, असा खुलासा झाला. जीएसटी क्रमांक पोर्टलवर कोणालाही फुकटात तपासता येतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, हिमाचलचे ०२. कारखाना हिमाचलचा म्हणतात आणि बिल २७ ने सुरू होतं, तर मधे व्यापारी आहे हे समजून चाला. माझ्याकडून १८ टक्के जीएसटी घेतला आणि ते बिल माझ्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर दिसणाऱ्या माझ्या खरेदी बिलांच्या यादीत, कधी दिसलंच नाही. म्हणजे कराची रक्कमही त्याच्याच खिशात गेली.

ट्रेडमार्क "पॅकेजमध्ये" होता. अर्ज झाला, पण माझ्या नावाने नाही, त्याच्या फर्मच्या नावाने. मी तक्रारीची भाषा सुरू केल्यावर "हे नाव आमचं आहे, तुम्ही वापरू शकत नाही" असा मेसेज आला. एका बाईने घरच्यांशी बसून ठरवलेलं नाव दुसऱ्याने धमकीसाठी वापरावं, याचा संताप अजून जात नाही. क्रीम वगैरेचे अर्ज वर्ग ३ मध्ये होतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन सरकारी फी ४,५०० रुपये आहे. हा अर्ज स्वतः किंवा स्वतःच्या वकिलामार्फतच करा आणि कारखानदाराला नाव सांगायच्या आधी करा. आपलं नाव दुसऱ्याने टाकलं असेल तर ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत विरोध नोंदवता येतो. आपण ते नाव आधीपासून वापरत असल्याचा पुरावा तिथे चालतो. माझा विरोध पार्लरच्या जुन्या बिलांच्या आधारे दाखल आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. ऑर्डर ठरवताना त्या ऑफिसात मला हळूच एक दुसरा बेस सुचवला होता. "आठ दिवसांत फरक दिसते, गिऱ्हाईक परत परत येते." मी तो घेतला नाही, कारण पार्लरमध्ये अशा क्रीमने बिघडलेले चेहरे मी पाहिले आहेत. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, नाहीतर पारा. स्टेरॉइडने सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, आणि थांबवलं की लाली, आग, पुरळ. पाऱ्याचं तर बोलायलाच नको. सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला असला तरी चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाखात एक भाग ही मर्यादा. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याची बातमी आली होती. त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला होता. आपल्या नावाच्या डबीत असलं काही जाऊ नये, म्हणून प्रत्येक बॅचची जड धातू आणि स्टेरॉइडची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत करा. खर्च येतो, तो किमतीत धरा.

विक्री मी त्याच आठवड्यात थांबवली, गिऱ्हाइकांना फोन करून ट्यूब परत मागवल्या, पैसे परत केले. अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार दिली आणि पोचपावती घेतली. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली केली. ग्राहक आयोगाचा रस्ता आपल्याला बहुधा बंद असतो, कारण माल पुन्हा विकायला घेतलेला असतो. व्यापारी व्यवहाराच्या दिवाणी दाव्यात रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल आणि तातडीचा आदेश नको असेल, तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी करावी लागते. माझा अर्ज तिथे आहे. नोटीस गेल्यावर थोडी रक्कम परत आली, बाकी अडकलेली आहे.

नागपुरात अशाच प्रकारे कोणाला माल मिळाला असेल तर तो फेकू नका. काही ट्यूब न उघडता, बॅच नंबर दिसेल अशा, थंड जागी ठेवा. कोटेशन, बिल, बँकेचा उतारा, व्हॉट्सअॅपचं पूर्ण संभाषण आणि लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो एकत्र करा आणि आपापली तक्रार स्वतंत्रपणे द्या. एकाच माणसाविरुद्ध वेगवेगळ्या तक्रारी आल्या की तपासणीसाला त्याच्या गोडाऊनपर्यंत पोचणं सोपं जातं.