साठीनंतर गाडीचा विमा: मोबाइलवरून की गावातल्या एजंटाकडून?

वय वाढलं म्हणून गाडीच्या विम्याचा प्रीमियम आपल्याकडे सहसा वाढत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्याचा, दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1500 सीसीपर्यंत 3,416 आणि त्यापुढे 7,897, वर 18 टक्के जीएसटी. हा आकडा मोबाइलवर घेतला काय किंवा बेळगावच्या खडेबाजारातल्या एजंटाकडून घेतला काय, तोच राहतो. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, भागात, म्हणून तुलना तेवढ्यापुरतीच करायची.

हा भाग निवृत्त माणसाच्या बाबतीत मुळातच लहान असतो. गाडी जुनी, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) उतरलेली, पाच वर्षं क्लेम नसेल तर एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) 50 टक्के. समजा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम 6,000 आहे, तर एनसीबी वजा जाता उरले 3,000. मोबाइलवर त्यावर आणखी 20 टक्के सूट मिळाली तरी वाचले 600, जीएसटी धरून वर्षाला सातशेच्या घरात. मिळत असतील तर सोडू नयेत हे खरं, पण त्या बदल्यात काय जातं तेही पाहायला हवं.

आपला विमा नेमका कशासाठी वापरायचा, हे आधी ठरवावं लागतं. शहापूरच्या गल्लीत मागे घेताना बंपर घासला, असलं नुकसान या वयात जास्त होतं. साध्या पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र) याचा हिशेब असा बसतो: बंपर 6,000, रंगकाम 3,500. प्लास्टिकला 50 टक्के घसारा, म्हणजे 3,000 गेले. रंगाच्या बिलाचा चौथा हिस्सा मटेरिअल धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे आणखी 437. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे डिडक्टिबल (आपण स्वतः सोसायची रक्कम) 1,000. हातात येतात साधारण 5,060. इकडे एनसीबी शून्यावर येतो आणि 20, 25, 35, 45 असा पुन्हा चढत पन्नासवर जायला पाच रिन्यूअल जातात. मूळ 6,000 तोच धरला तर या पाच वर्षांत 7,500 रुपये जास्त भरावे लागतात, वर जीएसटी वेगळा. म्हणजे बंपरचा क्लेम अंगावरच येतो. क्लेम घेऊनही ही सूट टिकवणारं एनसीबी प्रोटेक्टचं ॲड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायचं कवच) मिळतं, पण त्यात वर्षाला किती क्लेम चालतात ते वाचूनच घ्यावं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला जरूर घ्यावं. जुन्या गाडीला सगळ्याच कंपन्या देत नाहीत.

तेव्हा विमा उपयोगी पडणार तो मोठ्या दणक्याला: समोरासमोर धडक, नाहीतर पुराचं पाणी. ऑगस्ट 2019 मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला हायवे पाण्याखाली गेला होता, तशी वेळ. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारली की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन नसेल तर कंपनी हे नुकसान नाकारू शकते. चावी काढायची, फोटो घ्यायचे, क्लेम कळवायचा आणि गाडी ओढून न्यायची. टोइंगला साध्या पॉलिसीत 1,500 रुपयांपर्यंतच मिळतात.

माझा कल एजंटाकडे गेला तो या ‘क्लेम कळवायचा’वर. मोबाइलवरची पॉलिसी बहुतेक वेळा पुण्या-बेंगळुरूतला मुलगा नाहीतर मुलगी काढते आणि नंबर-ईमेल स्वतःचाच टाकते. क्लेम नोंदवताना ओटीपी जातो त्या नंबरवर. वडील जांबोटी रस्त्याला गाडीपाशी उभे, मुलगा मीटिंगमध्ये, आणि हेल्पलाइनवर हिंदी, इंग्लिश, कन्नडचे पर्याय ऐकत एक दाबा, दोन दाबा. पुढे ‘लिंक पाठवली आहे, व्हिडिओवर गाडी फिरून दाखवा’. रेंज नसेल तर तेही अडतं. बाकी सगळं चोख असलं तरी ही एक गोष्ट मला सहन होत नाही. एजंटाला मात्र आपल्या भाषेत एक फोन पुरतो: ‘काका, गाडी हलवू नका, मी सर्व्हेअरशी बोलतो.’

सीमाभागात कागदांचीही अडचण असते. अपघात कर्नाटकातल्या कोगनोळीला झाला तर पंचनामा कन्नडमध्ये, पुढे महाराष्ट्रातल्या कागलला झाला तर मराठीत. पॉलिसी देशभर चालते, तिथे प्रश्न नाही. पण कुठल्या ठाण्यातून कोणता कागद आणायचा आणि उद्यमबागेतल्या कोणत्या गॅरेजला आपल्या कंपनीचं कॅशलेस आहे, हे इथल्या एजंटाला तोंडपाठ असतं.

एजंटाकडेही खोट असते. नको ती ॲड-ऑन जोडली जातात, कधी एनसीबी चुकीचा लिहिला जातो. मोबाइलवरही आधीचा क्लेम विसरून 50 टक्क्यांवर टिक केली, तर ऐन वेळी क्लेम अडतो किंवा नाकारला जातो. म्हणून ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी वेगवेगळे दाखवणारं कोटेशन मागावं, चेक कंपनीच्या नावाने द्यावा आणि पॉलिसी हातात आल्यावर चेसिस नंबर, एनसीबी, आयडीव्ही हे तिन्ही तपासावेत. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही परस्पर संमतीने ठरते. मोबाइलवर ती खाली ओढून प्रीमियम कमी दिसतो, मात्र गाडी पूर्ण गेली तर तेवढेच पैसे मिळतात.

मुलं घरातच राहत असतील, गाडी दोन-तीन वर्षांची असेल, तर मोबाइलवरून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त नंबर गाडी चालवणाऱ्याचा द्यावा. चुकला असेल तर एंडॉर्समेंट (पॉलिसीतली दुरुस्ती) करून बदलता येतो.

मार्ग कोणताही घ्या, दोन गोष्टी स्वतः पाहा. पहिली, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) कोणाच्या नावावर आहे. 15 लाखांचं सक्तीचं अपघात कवच फक्त मालक-चालकाला असतं. गाडी मुलाच्या नावावर आणि चालवतात वडील, तर वडिलांना ते लागू होत नाही. त्यांच्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी, आणि पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्या कायदेशीर जबाबदारीचं ॲड-ऑनही.

दुसरी, लायसन्स. 55 नंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं. अपघाताच्या दिवशी ते संपलेलं असेल तर ओन डॅमेजचा क्लेम कुणी एजंटही वाचवू शकत नाही. मुदतीच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, त्याला डॉक्टरांचा फॉर्म 1ए जोडावा लागतो. पॉलिसीची तारीखही चुकवू नये: एका दिवसाचा खंड पडला तरी गाडी तपासणीला द्यावी लागते, आणि 90 दिवस उलटले की वर्षानुवर्षं जपलेला एनसीबी जातो.