विंडोजची सिस्टिम इमेज की क्लोनझिला?

घरातल्या किंवा दुकानातल्या एका कॉम्प्युटरचा अख्खा बॅकअप घ्यायचा, तोही पदरमोड न करता, असं ठरवलं की फिरून फिरून दोनच जोड्या समोर येतात. पहिली विंडोजची घरचीच: सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोजसकट अख्ख्या डिस्कची नक्कल, आणि पार्टिशनसाठी, म्हणजे डिस्कचे भाग पाडायला, डिस्क मॅनेजमेंट. दुसरी, पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून वापरायची: इमेजसाठी क्लोनझिला आणि पार्टिशनसाठी जीपार्टेड. मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप प्रोग्रॅमची फुकट आवृत्ती होती तोवर हा प्रश्न फारसा पडत नसे. पण २०२४ च्या सुरुवातीला ती निवृत्त झाली. कुणाच्या जुन्या मशीनवर अजून चालत असेलही, नव्याने तिच्यावर भिस्त ठेवावी असं मला वाटत नाही.

माझं काम हिशेबाचं. गिऱ्हाईक बहुतेक सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातले चादर-टॉवेलवाले. मशीनवर टॅली, जीएसटीची कागदपत्रं, डिजिटल सहीच्या डीएससी टोकनचा ड्रायव्हर, ती सही पोर्टलवर करणारा ईएमसायनर आणि एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्या प्रिंटरचा ड्रायव्हर एकदा बसला की पुन्हा हात लावायची हिंमत होत नाही. त्यामुळे टॅलीचा डेटा फोल्डर कॉपी करून माझं भागत नाही. डिस्क बंद पडली तर डेटा परत मिळेल, पण हे सगळं पुन्हा बसवून मशीन कामाला लागेपर्यंत जीएसटी रिटर्नची महिन्याची ११ किंवा २० तारीख निघून जाईल. तुमचं काम फोटो आणि वर्ड-एक्सेलपुरतं असेल तर मात्र इमेजच्या भानगडीत पडूच नका. फाइल हिस्टरी लावा आणि गप्प झोपा.

आता विंडोजच्या बाजूने जे बोलायचं ते आधी बोलून घेतो, कारण ते थोडं नाही. इमेज घेताना काम थांबवावं लागत नाही. शॅडो कॉपी त्या क्षणाची डिस्क धरून ठेवते आणि मागे नक्कल चालू राहते. शिवाय तयार होते ती व्हीएचडीएक्स फाइल. तिच्यावर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. कधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर द्यावं लागतं, एवढंच. मागच्या महिन्यातली एकच एक्सेल शीट हवी असेल तर तेवढीच काढून घेता येते. क्लोनझिलाच्या इमेजमधून अशी एक फाइल सरळ काढता येत नाही, आणि ही उणीव किरकोळ आहे असं मी म्हणणार नाही.

एक पथ्य तेवढं पाळा. बाहेरच्या डिस्कवर विंडोजइमेजबॅकअप नावाचा जो फोल्डर होतो, त्याचं नाव बदलू नका आणि तो दुसऱ्या फोल्डरात घालू नका. नीटनेटकेपणा म्हणून ‘ऑफिस बॅकअप मार्च’ असं नाव दिलंत, तर रिस्टोअरच्या वेळी विंडोज सांगेल की इमेज सापडतच नाही.

माझा कौल फिरला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीवर. एरर ०एक्स८०७८०११९.

समजा एक टीबीची कोरी डिस्क लावली आहे आणि सी ड्राइव्हवर सगळा मिळून १२० जीबी माल आहे. बॅकअप सुरू होतो आणि थोड्या वेळाने संदेश येतो की साठवणुकीच्या ठिकाणी शॅडो कॉपीसाठी पुरेशी जागा नाही. हे वाचून कोणीही बाहेरच्या डिस्ककडेच बघणार. ती फॉरमॅट करणार, केबल बदलणार, पोर्ट बदलणार, शेवटी नवी पेठेत जाऊन दोन टीबीची घेऊन येणार. ती लावल्यावरही तोच संदेश. कारण बहुतेक वेळा जागेची टंचाई त्या डिस्कवर नसतेच. ती असते मशीनच्या आत, ज्याला अक्षर नाही आणि जे एरवी डोळ्यांना दिसतही नाही, अशा पाच-सहाशे एमबीच्या रिकव्हरी पार्टिशनवर, जिथे विंडोज आपली दुरुस्तीची साधनं ठेवतं. जुन्या मांडणीच्या (एमबीआर) मशीनवर ‘सिस्टिम रिझर्व्हड’ नावाचं पार्टिशन असतं, तिथेही हाच घोळ होतो.

नियम असा आहे: पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर ५० एमबी मोकळी हवी, मोठं असेल तर ३२० एमबी. आता गंमत बघा. ४५० एमबीच्या पार्टिशनमध्ये ६० एमबी मोकळी असली तर पास. ५२९ एमबीच्या पार्टिशनमध्ये १०० एमबी मोकळी असली तरी नापास. हा नियम त्याच संदेशाच्या खालच्या बारीक मजकुरात दिलेला असतो, पण पहिली ओळ वाचून माणूस आधीच भलत्या डिस्कच्या मागे लागलेला असतो. बरं, ते पार्टिशन यादीतून काढून टाकावं तर तीही सोय नाही. विंडोजला चालायला जे लागतं ते सगळं इमेजमध्ये सक्तीने घेतलं जातं.

म्हणून डिस्क मॅनेजमेंट उघडावं, तर तिथे रिकव्हरी पार्टिशनसमोर दिसतं ‘१०० टक्के मोकळं’. अक्षर नसलेल्या या पार्टिशनचा वापर ते दाखवतच नाही, सरसकट मोकळंच म्हणतं. म्हणजे पहिला संदेश चुकीच्या डिस्कवर बोट ठेवतो, आणि खऱ्या जागी गेलात तर दुसरा आकडा सांगतो की इथे काहीच बिघडलेलं नाही. नुसता बिघाड मला चालतो, मशीन आहे, बिघडायचंच. दिशाभूल चालत नाही.

हे दुर्मीळ असतं तर मी एवढं लांबण लावलं नसतं. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं केबी५०३४४४१ हे अपडेट असंख्य मशीनवर ०एक्स८००७०६४३ देऊन अडकलं, त्याचंही मूळ हेच होतं. रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा नव्हती, आणि ते २५० एमबीने वाढवा असं मायक्रोसॉफ्टलाच लिहून द्यावं लागलं.

वाढवायचं कसं, इथे दोन जोड्यांमधला फरक स्पष्ट होतो. नेहमीच्या मांडणीत रिकव्हरी पार्टिशन सी च्या उजवीकडे असतं. सी आक्रसलं की मोकळी जागा तयार होते ती रिकव्हरीच्या डावीकडे, आणि डिस्क मॅनेजमेंटला पार्टिशन फक्त उजवीकडे वाढवता येतं. त्यातून रिकव्हरीवर राइट क्लिक केलं तर मेनूत मदतीपलीकडे कामाचं काही नसतं. मग उरतो डिस्कपार्ट, म्हणजे हाताने कमांड टाइप करायचं विंडोजचं साधन. आधी ‘रीएजंटसी /डिसेबल’ने रिकव्हरी बंद करायची, मग सी श्रिंक करायचं, मग रिकव्हरी पार्टिशन निवडून ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’, नवं बनवायचं, त्याला लांबलचक आयडी द्यायचा, फॉरमॅट करायचं आणि शेवटी ‘रीएजंटसी /एनेबल’. रीत पक्की आहे, मायक्रोसॉफ्टचीच आहे. फक्त त्या डिलीटला ‘नक्की का?’ असं विचारायची सवय नाही. पार्टिशनचा नंबर एकाने चुकला तर विषय संपला.

जीपार्टेडमध्ये हेच काम रंगीत पट्ट्यांवर दिसतं. रिकव्हरीत किती भरलंय आणि किती मोकळं, हे तिथे खरं खरं लिहिलेलं असतं. पट्टी ओढली म्हणजे लगेच काही होत नाही, कामं रांगेत लागतात आणि ‘अप्लाय’ दाबेपर्यंत सगळं मागे घेता येतं. विंडोजमध्ये असताना ‘रीएजंटसी /डिसेबल’ करून ठेवायचं, म्हणजे पार्टिशन सरकल्यावर रिकव्हरीचा पत्ता चुकत नाही. परत आल्यावर एनेबल. आणि मशीन बंद करताना शिफ्ट दाबून शट डाउन करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं, आणि जीपार्टेड तसल्या सी ला हात लावायला नकार देतो.

विजेचं सांगायला हवं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी लाइट कधी जाईल याचा नेम नाही. पार्टिशन सरकवण्याचं काम अर्ध्यात तुटलं तर डेटा जातो, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय जीपार्टेड उघडूसुद्धा नका. पाच-सहाशे एमबीचं रिकव्हरी सरकवणं थोडक्यात आटोपतं, तेवढा वेळ बरा यूपीएस धरतो. सी ची सुरुवातच सरकवायची असेल तर ते तासांचं काम आहे, शक्यतो टाळा. क्लोनझिलाने इमेज घेताना मात्र ही भीती नाही. तो मूळ डिस्क फक्त वाचतो. लाइट गेली तर इमेज अर्धी राहते आणि पुन्हा घ्यावी लागते, एवढंच.

क्लोनझिलाचं कौतुक करतोय तर त्याचे काटेही सांगतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. एकामागून एक प्रश्नांचे पडदे, सगळा कारभार बाणाच्या आणि टॅबच्या बटणांवर. डिस्कची नावं एसडीए, एसडीबी किंवा एनव्हीएमई-शून्य अशी. कुठली आतली आणि कुठली बाहेरची, हे नावावरून नव्हे तर शेजारी लिहिलेल्या आकारावरून आणि मॉडेलवरून ओळखायचं. म्हणून मी बाहेरची डिस्क मुद्दाम आतल्यापेक्षा वेगळ्या आकाराची ठेवली आहे. दोन्ही एक टीबीच्या असल्या की रात्री अकराला डोळे मिटायला लागलेला माणूस चुकणारच. रिस्टोअर करताना तो दोनदा विचारतो, तिथे घाई करायची नाही.

मशीन तेवढा वेळ बंद ठेवावं लागतं. वेळापत्रक लावता येत नाही. दर वेळी पूर्ण इमेज होते, कालच्यापेक्षा आज काय बदललं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. भरलेले ब्लॉकच घेतो म्हणून इमेज आटोपशीर होते, पण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर तीही सोय जाते आणि सगळी डिस्क जशीच्या तशी उतरवत बसतो. काही लॅपटॉपवर डिस्क इंटेलच्या आरएसटी मोडमध्ये असते आणि क्लोनझिलाला ती दिसतच नाही. तिथे बायोसमध्ये खटपट करण्यापेक्षा हा मार्गच सोडलेला बरा.

नव्या लहान एसएसडीवर उतरवायचं म्हणाल तर दोघेही सारखेच हट्टी. नवी डिस्क जुन्याइतकी किंवा मोठी हवी. क्लोनझिलात त्यातल्या त्यात पळवाट आहे: जीपार्टेडने पार्टिशनं आधीच लहान करून घ्यायची आणि एक्स्पर्ट मोडमध्ये ‘-आयसीडीएस’ हा, डिस्कचा आकार तपासू नको असं सांगणारा, पर्याय निवडायचा. विंडोजच्या इमेजला अशी सरळ वाट मला सापडलेली नाही.

तरीही मी क्लोनझिलाकडे वळलो, कारण विंडोजच बंद असल्यामुळे शॅडो कॉपीचा प्रश्न उरत नाही. रिकव्हरी पार्टिशन गच्च भरलेलं असो, तो मुकाट्याने उचलतो. आणि इमेज घेऊन झाली की ती परत उतरवता येईल का, हे तपासू का म्हणून विचारतो. वेळ वाढतो, पण मी दर वेळी हो म्हणतो. विंडोजची इमेज ‘यशस्वी’ म्हणाली तरी माझ्या मनात कुठेतरी पाल चुकचुकायची. इथे तसं होत नाही. मोजमाप म्हणून हे काही खरं नाही, कबूल.

सध्या माझी घडी अशी आहे. टॅलीचा डेटा आणि कागदपत्रं रोज संध्याकाळी आपोआप कॉपी होतात. महिन्याची २० तारीख उलटली की त्या आठवड्यात एक क्लोनझिला, रात्री जेवायला बसताना सुरू करून. बाय द वे, जगभर बॅकअप दिवस म्हणून ३१ मार्च पाळतात. हिशेबाच्या धंद्यातल्या कुणालाही त्यांनी विचारलेलं दिसत नाही.

सगळ्यांना हे जमणार नाही. बिलिंगचा काउंटर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असेल, किंवा नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर असेल, तर क्लोनझिला तुमच्या डोक्याला ताप होईल. अशांना मी वीम कंपनीचा फुकटचा विंडोज एजंट हा बॅकअप प्रोग्रॅम सुचवतो. वेळापत्रक लागतं, एक फाइलही काढता येते, आणि बॅकअप झाल्यावर बाहेरची डिस्क आपण होऊन इजेक्ट करायची सोय आहे, जी रॅन्समवेअरच्या दिवसांत लहान गोष्ट नाही. फुकटात एकच जॉब मिळतो, तो घरगुती कामाला पुरतो. शॅडो कॉपी तोही वापरतो, पण माझ्याकडच्या ज्या मशीनवर विंडोज रुसलं होतं तिथे त्याने कुरकुर केली नाही. तुमच्याकडे तसंच होईल अशी हमी देत नाही.

विंडोजच्याच जोडीवर राहायचं असेल तरी माझी हरकत नाही. फक्त सिस्टिम इमेज ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ‘यापुढे विकास नाही’ या यादीत टाकली आहे आणि दुसऱ्या कंपन्यांचं साधन वापरा असं सुचवलं आहे, हे ध्यानात असू द्या. आणि पहिली इमेज घेण्याआधी रिकव्हरी पार्टिशन एक जीबीचं करून घ्या. नव्या डिस्कचे पैसे तरी वाचतील.