पहिली स्की टूर: मार्चचं गुलमर्ग की एप्रिलअखेरचं बियासकुंड?

होळी झाली की सोलापुरात ऊन भाजायला लागतं, आणि त्याच सुमारास आमच्या ट्रेकच्या मंडळींपैकी कुणीतरी हा प्रश्न विचारतं. स्कीचा प्राथमिक कोर्स झालेला असतो. वळता येतं, थांबता येतं. आता स्कीच्या तळाला स्किन (चढताना मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) चिकटवून, टाच मोकळी सोडून, आपल्या पायांनी माथा गाठायचा आणि तिथून स्कीवर उतरायचं असतं. एका मुक्कामात दोन-तीन माथे झाले तर सोन्याहून पिवळं. रजा मात्र वर्षातून एकदाच.

काश्मीरमधलं गुलमर्ग आणि मनालीजवळचं बियासकुंड, मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे. शिखराच्या उंचीवरून निवड करू नका, एवढं मी प्रत्येकाला आधी सांगतो. वसंतात हिमालयाची हवा घटकेत पालटते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात मार्च-एप्रिलमध्येही येतच असतात. सकाळी आकाश लख्ख, दुपारी ढग, रात्रीत फूटभर ताजा बर्फ. दहा दिवसांतले तीन-चार दिवस असे जाणार, हे घरूनच धरून निघा. त्या दिवसांत तुम्ही काय करणार? माझ्या मते सगळा निर्णय याच्यावर आहे.

गुलमर्गला वाईट दिवसही कामी येतो. गाव साधारण २,६५० मीटरवर. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा थेट अफरवट पर्वताच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जरासा खाली. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात. तेव्हा खालच्या सूचिपर्णी जंगलात, बाबा रेशीच्या बाजूला उतरायचं. पांढऱ्या धुक्यात उघड्या उतारावर वर-खाली काही कळत नाही, पण झाडांमध्ये डोळ्यांना आधार मिळतो. संध्याकाळी खोलीत बुखारीशेजारी (काश्मिरी शेगडीशेजारी) मोजे वाळतात, गरम जेवण मिळतं. हवा उघडली की खांद्यावर जाऊन स्किन लावायची आणि अफरवटच्या लांब धारेवरचे माथे एकेक करत घ्यायचे. मुख्य माथा ४,२०० मीटरच्या आसपास आहे. पहिल्या टूरला एवढं भरपूर झालं.

याच सोयीत तिथला धोका आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. स्किनवर चढताना पायाखालचा बर्फ तासन्‌तास तुमच्याशी बोलत असतो. कुठे पोकळ आवाज येतो, कुठे वरचा थर सुटतो, हे चढतानाच कळतं. गोंडोला काही मिनिटांत वर सोडतो आणि ही ओळख होतच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या बाजूला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत घातकी, आणि स्कीला मजा येते तीही त्याच उतारांवर. ताज्या बर्फानंतर किमान एक-दोन दिवस तिकडे फिरकू नका. तिथल्या स्की पेट्रोलला, म्हणजे उतारांवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाला, रोज सकाळी विचारा. मागच्या अंगाला नियंत्रण रेषा जवळ आहे, त्यामुळे वाटाड्या सांगेल त्या धारेपलीकडे जायचं नाही.

बियासकुंडचा सगळा बाजच वेगळा. मनालीहून सोलंग, पुढे धुंडी, आणि तिथून पाठीवर तंबू, शिधा, स्टोव्ह घेऊन वर. एकाच तळावरून फ्रेंडशिप (५,२८९ मीटर), शितीधार, लडाखी अशी शिखरं आवाक्यात येतात. हनुमान टिब्बा समोर दिसतो, पण पहिल्या टूरला त्याचं नाव काढू नका. पाच हजारांच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. साडेचारशे मीटरवर राहणाऱ्या आपल्या सोलापूरकरांना अंगात उंची मुरायलाच चार-पाच दिवस हवेत.

पण एप्रिलअखेर तिथे मिळणारा बर्फ मात्र अप्रतिम. दिवसा वितळून रात्री गोठत त्याचे टपोरे कण होतात, थेट हुरड्याच्या दाण्यासारखे. पहाटे तो दगडासारखा टणक असतो, उन्हाने वरचे दोन बोटं मऊ झाले की स्की लोण्यातून चालल्यासारखी जाते. आधी पूर्वेचे उतार मऊ होतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. म्हणून रात्री दोन-तीनला निघायचं आणि अकराच्या आत खाली यायचं. त्यानंतर तोच बर्फ ओला, जड होऊन घसरू लागतो. एक खूण पक्की लक्षात ठेवा: रात्र ढगाळ गेली तर बर्फ नीट गोठत नाही. पहाटे स्की काढून नुसत्या बुटावर उभं राहा. पाय घोट्यापर्यंत रुतला तर आकाश कितीही निळं असो, मागे फिरा.

आणि इथे वाईट दिवस म्हणजे तंबूत पडून राहणं. शिधा संपत जातो, घरी कळवता येत नाही. सॅटेलाइट मेसेंजर आपल्या देशात परवान्याशिवाय नेता येत नाही, म्हणून परतीची तारीख मनालीत कुणाकडे तरी लिहून ठेवावीच लागते. असे तीन दिवस सलग काढले की चौथ्या दिवशी माणूस नको त्या हवेत निघतो. मीही निघालो होतो. सोबतच्या वाटाड्याने अर्ध्या तासात परत फिरवलं, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

उत्तराखंडातली औली शिकायला छान, पण वसंतात खालचे उतार लवकर उघडे पडतात, म्हणून ती या तुलनेत धरली नाही.

रजेचं गणित बघा. बँकेत, हिशेबाच्या कामात असाल तर मार्च एंडमुळे गुलमर्ग पहिल्या पंधरवड्यातच उरकावं लागेल. नऊ-दहा दिवस पुरतात: सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, पुढे श्रीनगर, तिथून सुमारे पन्नास किलोमीटर. प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड न्या. बियासकुंडला प्रवास धरून पंधरा दिवस हवेत. तेवढे नसतील तर तो बेत पुढच्या वर्षावर टाका. शिक्षक मंडळींना मेच्या सुट्टीत ते जमू शकतं, पण मे जसा सरतो तसा स्कीचा बर्फ वर-वर सरकतो आणि स्की पाठीवर वाहावी लागते.

ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं दोन्हीकडे प्रत्येकाजवळ हवंच. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तरच आशा मोठी असते, आणि तेवढ्या वेळात फक्त सोबतीच पोहोचतो. इथल्या मैदानावर एक ट्रान्सीव्हर पोत्यात लपवून शोधायचा सराव करा. दमासाठी कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्या रात्रीच्या चालीत पाठीवर बारा किलो घ्या आणि घाटात पावलं मोजत, न थांबता चढा.