इंजिनचा पिवळा दिवा आणि हजार-बाराशेचा स्कॅनर: बीएस-६ गाडीवाल्यांनी घ्यावा का?

ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर (गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड मोबाइलच्या ॲपवर दाखवतो तो) आणि तो मोटरसायकलला जोडायची सहा-पिनची केबल, या जोडीबद्दल हे लिहितोय. दोन्ही मिळून साधारण हजार-बाराशेत येतं. निकाल आधीच सांगून टाकतो. गाडी बीएस-६ असेल, घरात दोनशे-तीनशेचा मल्टिमीटर असेल आणि कपलर (तारांचा जोड) उघडून बघायची तयारी असेल, तर पैसे वसूल. मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या, स्कॅनर मागाहून. पाचपैकी साडेतीन गुण देईन. दीड गुण कुठे कापले ते पुढे येईलच.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाने) स्वतःच्या सेन्सरवर नजर ठेवणं, बिघाडाचा कोड साठवणं दुचाकींनाही लागलं. एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्या जास्त बारकाईने तपासतात आणि ॲपला जास्त माहिती देतात. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत, बॅटरीच्या जवळपास रबरी टोपण घातलेला, बहुधा लाल, सहा-पिनचा कपलर असतो. आपली केबल बसते ती तिथे. काही कंपन्यांनी मात्र आपला वेगळाच कपलर ठेवलाय, म्हणून ऑर्डर देण्याआधी पॅनल उघडा, फोटो काढा आणि पिनांची मांडणी जुळवून बघा. बीएस-४ मधल्या इंजेक्शन गाड्यांना ही केबल गृहीत धरू नका.

स्कॅनर घेताना स्टिकरवर भुलू नका. ईएलएम३२७ ही मूळ चिप कॅनडातल्या कंपनीची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. आज स्वस्तात मिळतं ते जवळपास सगळं नक्कल. ‘व्ही२.१’ लिहिलेला नवीन वाटतो, पण त्यातल्या कित्येकांत काही कमांड आणि जुने प्रोटोकॉल (गाडीशी बोलायच्या भाषा) गाळलेले असतात, आणि लहान गाड्यांपैकी काही अजून के-लाइनवरच, म्हणजे जुन्या एका तारेच्या पद्धतीवरच, बोलतात. ‘व्ही१.५’ बरा, तोही परत करायची सोय असेल तिथूनच. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथ घेऊ नये, तो जोडला जात नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ ४.० चा घ्यावा. अँड्रॉइडवर पेअर करताना पिन १२३४ किंवा ०००० चालतो.

पहिला अर्धा गुण केबलने घालवला. स्वस्त केबलींत पिना नीट दाबलेल्या नसतात. आल्या आल्या गाडीला न लावता मल्टिमीटरच्या बझरवर तपासा. मोठ्या, सोळा-पिनच्या तोंडाकडे १६ नंबर म्हणजे बॅटरी प्लस, ४ आणि ५ म्हणजे अर्थ (बॅटरी मायनस), ६ आणि १४ म्हणजे कॅन या नव्या पद्धतीच्या, माहिती नेणाऱ्या दोन तारा, ७ म्हणजे के-लाइन. केबल गाडीला लावल्यावर (स्कॅनर अजून नाही) ४ आणि १६ मध्ये बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज दिसला पाहिजे. उलटा दिसला, म्हणजे वजा चिन्ह आलं, तर केबल तशीच परत करा. तिच्यात स्कॅनर खुपसू नका.

आता मीटरवरच्या त्या पिवळ्या दिव्याबद्दल. चावी फिरवल्यावर दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की जातो, हे बरोबर आहे. चावी दिल्यावर तो लागतच नसेल, तर ती शंकेची गोष्ट; वापरलेली गाडी घेताना हे आधी बघावं. इंजिन चालू असताना दिवा तसाच राहिला तर कोड साठलाय. गाडी नीट ओढत असेल तर घरापर्यंत सावकाश न्यायला हरकत नाही. दणके देत असेल, सायलेन्सर लालभडक तापत असेल तर तिथेच थांबवा, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खाऊन टाकतं आणि तो भाग स्वस्त नाही.

स्कॅनर लावण्याआधी बॅटरी मोजा, ही पायरी बहुतेक जण सोडतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना १० च्या खाली जाऊ नये. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर ठेवून १३.८ ते १४.५ हवेत. १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेला, आणि तो लवकर बदलला नाही तर ईसीयूपर्यंत झळ पोचते. आपल्याकडे जळगाव-भुसावळचा मे महिना बॅटरीचं आयुष्य तसंही खातो. वर जादा हॅलोजन, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर असं सगळं एकाच तारेवर टाकलेलं असलं की पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, हा कोड येणारच. अशा वेळी सेन्सर बदलत बसू नका.

जोडायची पद्धत सोपी. चावी बंद ठेवून केबल आणि स्कॅनर लावा, चावी चालू, किल-स्विच चालूवर, इंजिन बंद. मग ॲप उघडा. टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्ही चालतात. मला दुसरं जास्त सोयीचं वाटतं. ॲप नुसतं ‘ऑटो’वर घुटमळत राहिलं तर सेटिंगमध्ये जाऊन आयएसओ १५७६५-४, कॅन ११ बिट, ५०० के हे हाताने निवडा, तेही नाही झालं तर केडब्ल्यूपी (के-लाइनवरचा जुना प्रोटोकॉल). स्कॅनरवरचा दिवा लागतो, ॲपमध्ये बॅटरीचा व्होल्टेजही दिसतो, पण ‘ईसीयूशी संपर्क नाही’ म्हणतं, याचा अर्थ करंट पोचतोय आणि माहितीची तार पोचत नाही. ९० टक्के वेळा केबल किंवा कपलरचं तोंड.

कोड आला की आधी स्क्रीनशॉट. ‘क्लिअर’ नंतर.

खरा कस इथून पुढे लागतो. कोड म्हणजे तलाठ्याने गट नंबर सांगावा तसं. बांध कुठे फुटलाय ते आपण चालत जाऊनच बघायचं. पी०११८ आला की ॲप लिहितं ‘कूलंट टेम्परेचर सेन्सर सर्किट हाय’ (हवेवर थंड होणाऱ्या गाडीतसुद्धा हेच लिहितं, तिथे तो सेन्सर इंजिनच्या किंवा ऑइलच्या तापमानाचा असतो). लोक लगेच सेन्सर मागवतात. पण यातला शब्द ‘सर्किट’ आहे. ईसीयूपासून सेन्सरपर्यंतची तार, कपलर, अर्थ, सगळं त्यात आलं.

हे कोड जोडीने येतात, आणि जोडीतच उत्तर असतं. तापमानाच्या सेन्सरला पी०११७ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार कमी, तार कुठेतरी अर्थला लागलीय. पी०११८ म्हणजे फार जास्त, तार तुटली किंवा कपलर सुटला. आता कपलर काढून बघायचा. पी०११७ होता, चावी बंद करून कपलर काढला, कोड पुसून पुन्हा चावी दिली, आणि आता पी०११८ आला? तर तार आणि ईसीयू ठीक, सेन्सर गेला. कपलर काढूनही पी०११७ तसाच राहिला, तर सेन्सर निर्दोष. तार सोलली गेलीय. उलट बाजूने, पी०११८ असेल तर कपलर काढून गाडीकडच्या तोंडातल्या दोन पिना बारीक तारेने एकमेकींना जोडा. पी०११७ झाला तर सेन्सर बदला, नाही झाला तर तार शोधा. तारेचं टोक बारीकच घ्या, जाड घुसवलं तर पिन फाकते आणि नवीन दुखणं लागतं. ही युक्ती दोन तारांच्या तापमान सेन्सरपुरतीच. तीन तारांच्या थ्रॉटल किंवा प्रेशर सेन्सरवर अंदाजाने पिना जोडू नका, त्यात पाच व्होल्टचा पुरवठा असतो. सेन्सर हातात काढलाच असेल तर मल्टिमीटरवर साधारण २५ अंशाला दोन ते तीन किलोओहम दाखवतो, आणि गरम पाण्यात धरला की झपाट्याने उतरतो. उन्हाळ्यात दुपारी मोजाल तर कमीच दिसेल, ते चुकीचं समजू नका.

लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, हा या स्कॅनरचा दुसरा उपयोग, पण सावधपणे. सेन्सर बिघडला की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू स्वतःच एक ठरावीक आकडा धरून चालतो आणि स्क्रीनवर तोच दाखवतो. म्हणून आकडा ‘बरोबर वाटतोय’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. तो हलतोय का ते बघा. थ्रॉटल बंद असताना शून्यच हवं असं नाही, दहा-पंधरा टक्के दाखवणाऱ्या गाड्या पुष्कळ. एक्सलेटर सावकाश पिळताना आकडा न अडखळता चढला पाहिजे. मध्येच गचका खाऊन खाली आला तर थ्रॉटल सेन्सर झिजला. मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) तपासायला तर इंजिन सुरू करायचीही गरज नाही. चावी चालू, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. जळगावात ९७-९८ किलोपास्कल यावा. तोरणमाळला गाडी नेली तर ८८ च्या आसपास दिसेल, तो सेन्सरचा दोष नव्हे, ती उंची. इंजिन सुरू झालं की आकडा खाली यायलाच हवा.

ऑक्सिजन सेन्सरच्या कोडवर सर्वात जास्त पैसे वाया जातात. पी०१३१ (सेन्सरचा व्होल्टेज कमी) किंवा पी०१७१ (मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी) आला, की सेन्सर बदलला जातो. आधी बेंड पाइप इंजिनला जिथे बसतो तिथे काळी फुंकर दिसते का बघा. गॅस्केट फुटलं असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो. मग सेन्सरची तार सायलेन्सरला चिकटून वितळलीय का ते बघा. चालू सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सतत खालीवर नाचतो. इंजिन पूर्ण तापल्यावर एका जागी थिजलेला दिसला तरच सेन्सरकडे बोट दाखवा.

पी०२०१ म्हणजे इंजेक्टरचं सर्किट. कपलर काढून दोन पिनांत १० ते १४ ओहमच्या दरम्यान आलं तर कॉइल ठीक. पी०३३५ क्रँकच्या पिकअप कॉइलचा (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा सेन्सर). भर उन्हात गाडी बंद पडते आणि अर्धा तास सावलीत लावली की काहीच झालं नाही अशी सुरू होते, तेव्हा संशय हाच. काही गाड्यांत याचा कोड साठतही नाही.

खान्देशात तार आणि कपलरच जास्त जातात, सेन्सर कमी. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतल्या चिखलातून जाणाऱ्या गाड्या, मग वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी थेट कपलरवर. खताची पोती सीटवर टाकून नेल्यावर सांडलेला दाणा आत जाऊन पिनांवर हिरवा खार. गोठ्यात उभ्या गाडीची उंदराने कुरतडलेली तार. कपलर उघडून पिना हिरव्या दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या, पिन सैल असेल तर बारीक सुईने जरा आवळा. कुरतडलेली तार पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा. टेप मे महिन्यात चिकट होऊन सुटतो.

काय जमत नाही तेही सांगतो, उरलेला एक गुण त्यातच गेला. कापसाच्या हंगामात जिनिंगकडच्या रस्त्यावर एअर फिल्टर रुईने भरला, पंपाची जाळी गाळाने बसली, कॅनमधल्या पेट्रोलमध्ये पाणी निघालं, तर गाडी मरगळते पण बहुतेकदा कोड येत नाही. लहान गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. चावी दिल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुणाट ऐकू येतो का, हे कानाने बघायचं. एबीएसचा दिवा या स्कॅनरने वाचता येत नाही, त्याचं मॉड्यूल वेगळं. (तो दिवा गाडी हलेपर्यंत लागलेला असतोच, थोडा वेग घेतल्यावरही गेला नाही तर चाकाजवळच्या सेन्सरवरचा चिखल पुसा, मग शोरूम.) इमोबिलायझर, नवीन ईसीयूची नोंद, हेही कंपनीच्या टूलचं काम. गाडी वॉरंटीत असेल तर तार कापूच नका, कोडचा स्क्रीनशॉट जॉबकार्डला लावायला सांगा.

दुरुस्ती झाली की चावी चालू, इंजिन बंद, मग कोड पुसा. पुसला नाही तरी बिघाड खरंच गेला असेल तर साधारणपणे तीन लागोपाठ फेऱ्यांत दिवा आपोआप जातो. बॅटरीची तार काढून दिवा घालवायचा सल्ला गॅरेजवर सर्रास मिळतो. त्याने कित्येक गाड्यांत कोड जातही नाही, आणि काहींत ईसीयूने शिकलेली आयडलिंगची मापं मात्र पुसली जातात, मग सिग्नलला गाडी बंद पडत राहते.

आणि काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. सहा-पिनच्या कपलरला बॅटरी कायम जोडलेली असते, चावी बंद असली तरी. हे स्वस्त स्कॅनर तीस-चाळीस मिलीॲम्पिअर खात राहतात, म्हणजे दिवसाला जवळपास एक ॲम्पिअर-तास. चार-पाच ॲम्पिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत झोपते.